बसलेल्याला उठवायचं कसं?

शेगावच्या आखाड्यातली एक गोष्ट बुलढाणा जिल्ह्यात घराघरात माहीत आहे. गावचा हरी पाटील तालमीत रमणारा, अंगात रग असलेला तरुण. त्यानं गजानन महाराजांना कुस्तीचं आव्हान दिलं. महाराजांनी शड्डू ठोकला नाही, खडाखडी केली नाही. ते आखाड्यात जाऊन बसले आणि म्हणाले, मला उठव. हरी पाटलानं येत होते तेवढे डाव लावले, घामानं निथळला, पण महाराज जागचे हलले नाहीत. दासगणूंनी १९३९ साली शेगावात रचलेल्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात हा प्रसंग आहे.

भक्तांसाठी ही महाराजांची लीला आहे आणि तिला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. मला या गोष्टीतलं आणखी एक काही तरी थक्क करतं. खाली बसलेल्या माणसाशी लढायचं कसं, हा प्रश्न जगभरच्या लढवय्यांना पडला आहे. ठोसे, लाथा, कुस्ती, जुजुत्सू असं सगळं एकाच पिंजऱ्यात चालणाऱ्या एमएमएचं अर्धं शास्त्र याच प्रश्नाभोवती उभं राहिलं आहे.

उभा माणूस पाडणं फार अवघड नसतं. त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून तीन-साडेतीन फूट वर असतो. त्याखाली आधाराला असतात फक्त दोन पावलं आणि त्यांच्या मधली जागा. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा त्या जागेबाहेर गेला की माणूस पडलाच. टांग, ढाक, पट हे सगळे डाव शेवटी तो ओळंबा बाहेर नेण्याचेच. पण माणूस मांडी घालून बसला, किंवा कुस्तीत पहिलवान हातागुडघ्यांवर खाली गेला, की गुरुत्वमध्य फूटभरावर येतो आणि आधार चहूबाजूंनी पसरतो. त्याला उचलायचं तर वाकावं लागतं, आणि वाकलं की त्याचं सगळं वजन आपल्या कमरेपासून लांब लोंबतं. सत्तर किलोचा माणूस मग कमरेला कितीतरी जड लागतो. म्हणूनच आपल्या कुस्तीत खाली गेलेल्या पहिलवानासाठी डावांची वेगळी पोतडी आहे: सवारी, घिस्सा, मोळी, एकलंगी. यातला कुठलाही डाव नीट पाहा. वरचा पहिलवान समोरच्याला सरळ उचलायला जात नाही. आधी तो एक हात किंवा एक गुडघा जमिनीवरून काढून घेतो आणि मग आधार गेला त्याच बाजूला लोटतो.

हे इतकं ठाऊक असूनही मोठमोठे अडले आहेत. १९१० च्या सप्टेंबरात लंडनमध्ये गामा पहिलवान आणि पोलंडचा स्तानिस्लाव्ह झ्बिश्को यांची कुस्ती लागली. झ्बिश्को वजनानं गामापेक्षा बराच भारी. तरीही गामानं सुरुवातीलाच त्याला खाली आणलं. त्यानंतर झ्बिश्को मॅटला चिकटून जो राहिला, तो अडीच तासांहून जास्त वेळ जवळजवळ तसाच राहिला. गामासारखा गामा त्याला उलथवू शकला नाही आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्यानं पुन्हा लढत ठरली, तेव्हा झ्बिश्को आलाच नाही. पुढं १९२८ मध्ये पतियाळ्याला दोघं परत भिडले आणि गामानं एका मिनिटाच्या आत निकाल लावला. या वेळी झ्बिश्कोला जमिनीला चिकटायला वेळच मिळाला नव्हता.

त्याहून अचंबित करणारी लढत टोकियोतली. २६ जून १९७६ रोजी मुहम्मद अली आणि जपानी मल्ल अंतोनिओ इनोकी समोरासमोर आले. इनोकी पाठीवर, नितंबांवर पडून राहिला आणि पंधरा फेऱ्या अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. जगातला सर्वांत जलद हेवीवेट बॉक्सर समोर उभा होता आणि त्याला ठोसा मारायला जागा सापडत नव्हती. त्यानं मारलेले ठोसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सामना बरोबरीत सुटला. अलीच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्याला रुग्णालयात जावं लागलं.

असं का व्हावं? त्यासाठी ठोसा कुठून येतो ते पाहायला हवं. अनंता प्रल्हाद चोपडे हा आपल्या बुलढाणा जिल्ह्याचाच बॉक्सर. जुलै २०१९ मध्ये इंडोनेशियातल्या प्रेसिडेंट्स कप स्पर्धेत ५२ किलो गटात त्यानं सुवर्णपदक जिंकलं. ५२ किलो म्हणजे किती हलका माणूस! तरी या वजनाच्या बॉक्सरचा नेमका बसलेला ठोसा धडधाकट माणसाला झोपवू शकतो, कारण तो दंडातून येत नाही. मागच्या पायाचा चवडा जमीन मागं ढकलतो, जमीन तेवढ्याच जोरानं पायाला पुढं ढकलते. तो जोर गुडघ्यातून कमरेत चढतो, कंबर वळते, तिच्यापाठोपाठ खांदा वळतो आणि सगळ्यात शेवटी मूठ सुटते. एकेक सांधा आपली गती पुढच्याला देऊन थांबतो, म्हणून टोकाची मूठ सर्वांत वेगवान होते. हनुवटीवर ती बसली की डोकं झटक्यात वळतं, आत मेंदू पिळवटतो आणि शुद्ध हरपते. या खेळाचा हा खरा धोका आहे, तो कुणी हलक्यानं घेऊ नये.

म्हणजे ठोसा हे जमिनीकडून घेतलेलं उसनं बळ. पाय जमिनीवरून काढले, तर उरतो नुसता हात. शिवाय कमरेखाली, गुडघ्याच्या उंचीवर पडलेल्या माणसाला मारायचं तर सगळी साखळी खाली वाकवावी लागते आणि वाकताच ती तुटते. टोकियोत अली नेमका इथं अडकला.

१२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमए स्पर्धांच्या मालिकेतली पहिली स्पर्धा झाली, तेव्हा हे शास्त्र लोकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आर्ट जिमरसन नावाचा व्यावसायिक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. समोर ब्राझीलचा रॉइस ग्रेसी, अंगानं सडपातळ. ग्रेसीनं पायांत शिरून त्याला खाली आणलं आणि छातीवर स्वार झाला. त्यानं ना मान आवळली, ना हात मुरगळला. तरी जिमरसननं थोड्याच वेळात हार कबूल केली. पाठीखाली जमीन आणि छातीवर माणूस असताना त्याच्या प्रसिद्ध हातांना कुठूनच बळ मिळत नव्हतं. सगळे धक्क्यातच होते. मला मात्र वाटतं, आपल्या कुठल्याही जत्रेतल्या दंगलीचा जुना शौकीन तिथं असता, तर त्याला याचं फारसं नवल वाटलं नसतं.

पायांत शिरणं म्हणजे आपला पट. एका पायाला घातला तर एकेरी, दोन्हींना घातला तर दुहेरी. कुस्तीत पट घालण्याआधी खडाखडी असते. मानेवर हात, मनगटावर हात, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे याचा अंदाज. एमएमएत हा अंदाज लांबूनच घ्यावा लागतो, कारण जवळ येतानाच ठोसा बसू शकतो. मग पहिलवान आधी डाव्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे जॅब, चेहऱ्याकडं फेकतो. तो लागला नाही तरी चालतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर शरीर हलायला सेकंदाचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. तेवढ्या वेळात समोरच्याचे हात चेहऱ्याकडं वर गेलेले असतात आणि पहिलवान गुडघे वाकवून मांड्यांपाशी पोचलेला असतो. गंमत अशी की तो वाकतो कमरेतून नव्हे, गुडघ्यांतून. पाठ सरळच राहते. कमरेतून वाकला तर वर येणारा गुडघा थेट तोंडावर.

पटाची तोडही जमिनीचीच आहे. ज्याच्यावर पट आला तो दोन्ही पाय झटकन मागं फेकतो, कंबर खाली पाडतो आणि आपलं सगळं वजन समोरच्याच्या मानेवर-खांद्यांवर टाकतो. याला स्प्रॉल म्हणतात. आत शिरलेल्याला आता अख्खा माणूस अंगावर घेऊन उठायचं असतं. त्यातच त्याचं डोकं बाहेरच्या बाजूला राहिलं, तर मान काखेत सापडते आणि ‘गिलोटीन’ लागतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये शांघायच्या यूएफसीत भारताचा भरत खंडारे उतरला. चीनच्या सोंग यादोंगनं पहिल्याच फेरीत त्याला याच पकडीत हरवलं.

इथवर आपल्या माणसाला सगळं ओळखीचं वाटतं. पुढं मात्र एक असं वळण येतं की आयुष्यभर कुस्ती पाहिलेल्याची मती गुंग व्हावी. कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला. आसमान दिसलं, हलगी थांबली. म्हणून खाली गेलेला पहिलवान जिवाच्या आकांतानं पोटावर वळतो, समोरच्याकडं पाठ करतो. एमएमएत हीच सवय घातक ठरते. पाठीवर पडण्यानं तिथं काहीच ठरत नाही, उलट पाठ दाखवणं म्हणजे मान देऊन टाकणं. मागून आलेला कोपर हनुवटीखाली सरकवतो. दंड मानेच्या एका बाजूला, कोपरापुढचा हात दुसऱ्या बाजूला. श्वासनलिकेवर भार देण्याचीही गरज नसते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या की मेंदूकडं जाणारं रक्त कमी होतं आणि साधारण दहा सेकंदांत भलाभक्कम माणूस बेशुद्ध पडतो. त्याआधी त्यानं हातानं थोपटून हार कबूल करायची आणि पंचानं तत्क्षणी सोडवायचं, यावरच हा खेळ टिकून आहे. गावाकडच्या पोरांनी व्हिडिओ पाहून आपसात हे कधीही करून बघू नये.

मग पाठीवर पडलेला काय करतो? तो आपले दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती घालतो. ब्राझीलच्या जुजुत्सूत याला गार्ड म्हणतात. मित्सुयो माएदा नावाचा जपानी ज्युदोपटू ब्राझीलला गेला, त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यात आली आणि तिथं तिला नवं वळण लागलं. उभं असताना पाय शरीराचं वजन वाहतात. पाठीवर पडताच ते काम जमीन घेते आणि माणसाचे सर्वांत बळकट स्नायू एकदम मोकळे होतात. दोन हातांच्या वरच्या माणसापुढं खालच्याकडं आता चार हातांचं बळ असतं. वरच्यानं हात लांबवला की खालचा तो छातीशी धरतो, पाय त्याच्या छातीवर-मानेवर टाकतो आणि कंबर वर उचलतो. पहारीखाली दगड ठेवून धोंडा उचकटावा, तसा इथं कमरेचा टेकू आणि कोपराचा सांधा. साठ किलोच्या माणसाची कंबर शंभर किलोच्या पहिलवानाच्या एकाच कोपराशी लढते आहे, मग निकाल काय लागायचा!

म्हणजे टोकियोत इनोकी जे पडून करत होता आणि लंडनमध्ये झ्बिश्कोनं जे पोटावर राहून साधलं, त्यात फार मोठा फरक आहे. झ्बिश्को फक्त वाचत होता. इनोकी वाचतही होता आणि मारतही होता.

आता उलट बाजूनं पाहू. एखादा उत्तम बॉक्सर या पिंजऱ्यात उतरला तर त्याला काय बदलावं लागेल? पहिलं म्हणजे उभं राहणं. बॉक्सर अंग तिरकं ठेवून पुढच्या पायावर भार घेतो, कारण बॉक्सिंगमध्ये कमरेखाली मारता येत नाही. इथं तोच पुढचा पाय आधी पोटरीवरच्या लाथेला आणि मग एकेरी पटाला सापडतो. म्हणून छाती थोडी समोर, पावलं जरा रुंद, कंबर खाली. पण असं उभं राहिलं की ठोशाची लांबी आणि वळणातलं बळ थोडं कमी होतं. ही किंमत प्रत्येकाला मोजावी लागते. दुसरं, हातातला ग्लोव्ह. ५२ किलोचा हौशी बॉक्सर दहा औंसांचे, म्हणजे सुमारे २८३ ग्रॅमचे ग्लोव्ह घालतो. ते चेहऱ्यापुढं धरले की ढालीसारखं काम देतात. एमएमएचा ग्लोव्ह साधारण चार औंसांचा, बोटं उघडी. त्याच्या आडून ठोसा सहज आत येतो. त्यामुळं हातांमागं लपणं सोडून पायांनी अंतर राखावं लागतं. तिसरी अडचण सवयीची. बॉक्सिंगमध्ये दोघं मिठीत आले की पंच ‘ब्रेक’ म्हणतो आणि दमलेल्याला दोन श्वास मिळतात. इथं मिठी हीच खडाखडी आणि तिथूनच पट सुरू होतो.

दोन्ही विद्या एकमेकींत किती मुरू शकतात, हे ६ ऑक्टोबर २०१८ च्या लढतीत दिसलं. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव लहानपणापासून कुस्तीत वाढलेला. आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर ठोशांसाठी नावाजलेला. पहिल्या फेरीत खबीबनं त्याला खाली नेऊन घोळवलं. दुसऱ्या फेरीत खबीबचा खांदा किंचित खाली गेला आणि मॅकग्रेगरचं सगळं लक्ष आपल्या पायांकडं गेलं. पट आलाच नाही. वरून उजव्या हाताचा वळता ठोसा आला आणि ठोशांचा राजा एका पहिलवानाच्या ठोशानं जमिनीवर बसला. चौथ्या फेरीत खबीबनं मागून मान पकडून कुस्ती संपवली, पण मला विचाराल तर लढत फिरली ती त्या ठोशापाशी. तो ठोसा बसला त्या क्षणी मॅकग्रेगर न आलेल्या पटाची वाट पाहत होता.