जीपच्या टपावरची पेटी

वारीत दिंडीबरोबर सामानाची गाडी असते. ती जीप असली, तर राहुट्या, ताडपत्री, वळकट्या, भांडी सारे टपावर चढते. त्यासाठी पेटी घ्यायची ती कशाची?

लोखंडी पत्र्याची पेटी मजबूत, पण जड. रंग खरवडला की ती गंजते. साधे प्लॅस्टिक उन्हाने कडक होऊन तडकते. ॲल्युमिनियमचा तेवढाच पत्रा लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच भरतो आणि त्याला तांबडा गंज चढत नाही. आम्हाला विचाराल, तर तीच पेटी घ्यावी. झाकणाला रबराची पट्टी हवी, नाहीतर आषाढात वळकट्या भिजल्याच म्हणून समजा!

खरी गोष्ट वजनाची. टपावर ओझे फार झाले, तर गाडी घाटाच्या वळणावर उलटू शकते. टपावर किती वजन चालते, ते गाडीच्या पुस्तकात पाहावे. समजा, ७५ किलो लिहिले आहे. कॅरिअर १५ किलोचे, पेटी २० किलोची. मग सामानाला उरले ४० किलोच. म्हणून भांडी, पाण्याचे डबे खाली गाडीत ठेवावेत. वर हलके कापडी सामान.

पेटी सुतळीने बांधू नये, कॅरिअरला बोल्टाने आवळावी. खडबडीत रस्त्याने बोल्ट ढिले होतात, तेव्हा दर मुक्कामाला पाना लावून पाहावा.