मोठें मोदकपात्र : निवड आणि उपयोग

एकत्र कुटुंबांत भांडें विकत आणण्याचें काम बहुधा पुरुषांकडे असतें, आणि तें उचलण्याचें, घासण्याचें व चुलीवर सांभाळण्याचें काम स्त्रियांकडे असतें. या विभागणींतून जे प्रमाद घडतात त्यांपैकीं एक आमच्याच हातून घडला. तो येथें सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं; कारण जन्मभर मुलांच्या चुका तांबड्या शाईनें दाखविल्यावर उतारवयांत स्वतःची एखादी चूक दाखविणें हें न्यायाला धरूनच होईल.

आमच्या घरीं पानावर चौदा माणसें असतात. गणेशचतुर्थीस नैवेद्याचे एकवीस धरून सुमारें ७५ मोदक लागतात. जुन्या लहान पात्रांत एका वेळीं अकरा मोदक मावत. म्हणजे सात घाणे झाले. वाफ धरणें, काढणें, पुन्हा लावणें यांत दोन तास जात, आणि तोंवर थोरल्या सूनबाई शेगडीपुढून हलत नसत. हें पाहून आम्ही एके वर्षीं बाजारांत गेलों आणि अल्युमिनियमचें सर्वांत मोठें, लखलखीत व त्यांतल्या त्यांत स्वस्त असें ४५ सेंटिमीटर व्यासाचें पात्र घेऊन आलों. घरांतील कोणास विचारावें हें मनांतहि आलें नाहीं.

त्यांत पांच सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावयाचें तर आठ लिटर लागतें. तेवढ्या वजनाचें भांडें एकट्या बाईला उचलवेना, म्हणून चतुर्थीच्या दिवशीं पाणी बोटभरच घातलें गेलें. बूड पातळ असल्यामुळें आंचेनें मध्यें वर फुगलें. पाणी कडेला सरकलें आणि ज्योतीवरचा मधला भाग कोरडा पडला. झांकण सपाट असल्यामुळें त्यावर जमलेलें पाणी टपटप मोदकांवर पडूं लागलें. करपट वास आला तेव्हां पाणी उरलें आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं सूनबाईंनीं झांकण आपल्याकडे ओढलें. पाटावर बसलेल्या आम्हांस "अगबाई!" एवढाच शब्द ऐकूं आला. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला होता.

वाफेचें भाजणें उकळत्या पाण्याच्या भाजण्याहून वाईट कां, हें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें होतें. शून्य अंशाचें एक ग्रॅम पाणी उकळीस आणावयास १०० कॅलरी पुरतात. पण उकळीस आलेल्या त्याच पाण्याची वाफ करावयास आणखी सुमारें ५४० कॅलरी लागतात. हीच सांठविलेली उष्णता वाफ थंड पदार्थावर निवतांना सोडते. मोदक दहा मिनिटांत शिजतात तेहि याच बळावर, आणि हात भाजतो तोहि याच बळावर. फळ्यावर लिहिलेलें हें गणित स्वतःच्या स्वयंपाकघरांत आम्हांस आठवलें नाहीं, ही खरी लाजेची गोष्ट.

पुढील वर्षीं पात्र निवडावयास सूनबाई स्वतः आल्या. दुकानदार झांकणाची चकाकी दाखवीत होता, त्या म्हणाल्या, "मामंजी, आधीं मला उचलून पाहूं द्या." त्या एका वाक्यांत भांडीं निवडण्याचें सारें शास्त्र आहे. त्यानंतर आम्हांस जें समजलें तें येथें क्रमानें देतों.

प्रथम धातूविषयीं. रसरत्नसमुच्चय या जुन्या ग्रंथांत 'स्वेदनी यंत्र' वर्णिलें आहे: पाणी घातलेल्या स्थालीच्या तोंडास वस्त्र बांधावें, त्यावर पदार्थ ठेवावा व वरून झांकावें. आमच्या मातुःश्रींचें मोदकपात्र याहून वेगळें नव्हतें. तांब्याचें तपेलें, तोंडाला बांधलेलें धूतवस्त्र, हळदीचीं पानें आणि वर परात. पण तांब्याला वर्षाकाठीं कल्हई हवी, आणि त्याचें वजन अल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक. अल्युमिनियम पूर्वीं फार महाग होतें. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं स्वतंत्रपणें विजेच्या साहाय्यानें तें वेगळें करण्याची रीत शोधली आणि तें सामान्यांच्या आटोक्यांत आलें. आपल्या देशांत १८९८ सालीं मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं त्याचीं भांडीं करविण्यास प्रारंभ केला. उष्णता वाहून नेण्यांत तें तांब्याच्या खालोखाल आहे. स्टेनलेस स्टीलच्या सुमारें पंधरापट. म्हणून मोठ्या पात्राला तें सोयीचें.

परंतु सर्वच अल्युमिनियम सारखें नव्हे. भंगार वितळवून ओतलेल्या भांड्यांत शिसें असूं शकतें, आणि शिसें मुलांच्या मेंदूला अपाय करतें. यासाठीं आय.एस.आय. चिन्ह पाहूनच भांडें घ्यावें. अल्युमिनियमच्या भांड्यांसाठीं भारतीय मानक क्रमांक १६६० आहे. स्वतः अल्युमिनियमचा अंशहि थोडाफार अन्नांत उतरतो. जागतिक संघटनांच्या तज्ज्ञसमितीनें २०११ सालीं त्याची सह्य मर्यादा आठवड्यास शरीराच्या दर किलो वजनामागें २ मिलिग्रॅम ठरविली. आंबट व खारट पदार्थांत तो अधिक उतरतो. म्हणून या पात्रांत आमसुलाचें सार, चिंचेचा कोळ किंवा लोणचें कधींहि ठेवूं नये. चाळणीवर हळदीचें किंवा केळीचें पान घातलें कीं मोदकाचा धातूशीं संबंधच येत नाहीं. नैवेद्य अल्युमिनियममध्यें चालतो काय, अशी शंका आमच्या घरांतील वडील मंडळींस होती. तीहि या पानानेंच मिटली.

आतां माप. आम्ही शेवटीं ३४ सेंटिमीटर व्यासाचें पात्र घेतलें. त्यांत पांच सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारें साडेचार लिटर. दोन चाळण्या आहेत, प्रत्येकींत एकवीस मोदक बसतात. दोन घाण्यांत काम आटोपतें. शेगडीच्या ज्योतीबाहेर फार पसरणारें पात्र कडेला तापत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. बूड जाड, सुमारें तीन मिलिमीटरचें असावें, आणि सपाट फरशीवर ठेवल्यास डगमगूं नये. कान रुंद व पक्क्या रिव्हेटांनीं जोडलेले असावे. पाण्याची पातळी व खालची चाळणी यांत चार बोटें अंतर हवें, नाहींतर उकळीचे शिंतोडे मोदकांस लागतात. झांकण घुमटाकार असावें, म्हणजे जमलेलें पाणी कडेनें ओघळतें. शिवाय त्यास आंतून स्वच्छ पंचा बांधावा. इंडक्शनच्या शेगडीवर निव्वळ अल्युमिनियमचें पात्र तापत नाहीं, हेंहि खरेदीपूर्वीं लक्षांत घ्यावें.

वापरतांना पाणी आधीं खळखळूं द्यावें, मगच चाळण्या ठेवाव्या. पान सर्व छिद्रें झांकील असें पसरूं नये. वाफेला वाट हवी. वाफ धरल्यापासून मोदकांस दहा-बारा मिनिटें पुरतात, वरच्या चाळणीस दोन-तीन मिनिटें अधिक. अळूवडीच्या उंड्यांस वीस-पंचवीस मिनिटें लागतात. मध्यम आंचेवर आमच्या पात्रांतलें पाणी तासाला लिटर-सव्वा लिटर आटतें, असें आम्हीं मापून पाहिलें आहे. तळाशीं कांचेची एक गोटी टाकून ठेवावी. पाणी आहे तोंवर ती खुळखुळत राहते. ती गप्प झाली कीं पाणी संपत आलें असें समजावें. मग झांकण उघडून डोकावण्याचें कारण पडत नाहीं. पाणी वाढवावयाचें तें उकळतेंच वाढवावें.

झांकण काढतांना आधीं शेगडी बंद करावी, क्षणभर थांबावें, आणि झांकणाची पलीकडची कड प्रथम उचलावी, म्हणजे वाफ आपल्यापासून दूर जाते. भरलेलें पात्र उचलूं नये. चाळण्या काढाव्या, पाणी निवूं द्यावें, मग उचलावें. तरीहि भाजलेंच तर भाजलेला भाग वीस मिनिटें वाहत्या गार पाण्याखालीं धरावा. तूप, शाई, दंतमंजन कांहींएक लावूं नये. आमच्या घरीं त्या दिवशीं घाईनें तूप लावलें गेलें, आणि डॉक्टरांकडून आम्हांस योग्य तो उपदेश ऐकावा लागला.

घासण्याविषयीं एक सूचना. तांब्यापितळेस राख चालते, येथें ती चालत नाहीं. राख व धुण्याचा सोडा दोन्ही अल्युमिनियमला खातात. मऊ काथ्या व साधा साबण पुरे. जड पाण्यानें पात्र आंतून काळवंडतें. तें टाळण्यासाठीं वाफेच्या पाण्यांत लिंबाची पिळलेली फोड टाकावी. धुतल्यावर पुसून, कोरडें करून ठेवावें.

गेल्या चतुर्थीस आमच्या घरचे मोदक तासाभराच्या आंत उतरले. सूनबाईंच्या हातावरचा व्रण पुसट झाला आहे, गेला नाहीं. त्या दिवशीं मात्र आरतीच्या वेळीं त्या स्वयंपाकघरांत नव्हत्या, आमच्या शेजारींच उभ्या होत्या. मोठें पात्र घ्यावें तें यासाठीं. आणि निवडूं द्यावें तें जिला उचलावयाचें असेल तिला.