मेंदूतल्या तारांचा नकाशा : ट्यूमरच्या ऑपरेशनआधी हे समजून घ्या

बार्शीला कॅन्सरची माहिती नवी नाही. नर्गिस दत्त यांच्या नावाचं हॉस्पिटल इथं आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली इथूनच सुरू झाली. पण मेंदूत गाठ निघाली की घरचे घाबरून जातात. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर एमआरआयबरोबर ‘डीटीआय’ किंवा ‘ट्रॅक्टोग्राफी’ लिहिलं, की ‘आता हे आणखी काय?’ असा प्रश्न पडतो. तेच इथं सोप्या शब्दांत पाहू.

मेंदूचा वरचा थर करड्या रंगाचा असतो. त्याच्या खाली पांढरा भाग असतो. हा पांढरा भाग म्हणजे मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे नेणाऱ्या बारीक तंतूंच्या जुड्या. तंतूंवर चरबीयुक्त आवरण असतं, म्हणून हा भाग पांढरा दिसतो. एका माणसाच्या मेंदूतले असे तंतू एकापुढे एक जोडले तर लांबी लाखभर किलोमीटरच्या पुढे जाते.

बोलण्याचंच उदाहरण घ्या. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. त्याला समोरच्याचं बोलणं कळायचं, पण तोंडातून जवळजवळ एकच अक्षर निघायचं, ‘तां’. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा झालेली होती. १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल वेर्निके यांनी शब्द समजून घेण्याचा भाग मागे असल्याचं दाखवलं. या दोन भागांना कमानीसारखी वळलेली तंतूंची एक जुडी जोडते. गाठ भाषेच्या भागाला लागलेली नसली, पण ही जुडी तुटली, तरी बोलणं बिघडतं.

पूर्वी हे तंतू फक्त मृत मेंदूतच पाहता यायचे. १९९४ मध्ये पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डीटीआयची पद्धत मांडली. तिचं तत्त्व साधं आहे. मेंदूतल्या पाण्याचे कण सतत हलत असतात. ते तंतूच्या लांबीच्या दिशेनं सहज सरकतात, आडवे जाताना अडतात. जसं उसाच्या सरीत सोडलेलं पाणी सरीनंच पुढं जातं. एमआरआय मशीन अनेक दिशांनी हे सरकणं मोजतं आणि कॉम्प्युटर त्यावरून तंतूंचा मार्ग काढतो. चित्रात डावी-उजवी दिशा लाल, पुढची-मागची हिरवी आणि वर-खालची निळी दाखवतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. हा तंतूंचा फोटो नाही, हिशेबानं काढलेला नकाशा आहे. साधारण दोन मिलिमीटरच्या एका चौकोनात हजारो तंतू असतात. ते एकमेकांना छेदत असतील किंवा गाठीभोवती सूज असेल, तर हिशेब चुकू शकतो. कवटी उघडल्यावर मेंदू थोडा सरकतोही. म्हणून गाठ भाषेच्या भागाजवळ असेल तर काही वेळा रुग्णाला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत बोलत ऑपरेशन करतात. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, कापलेली जागा बधिर केलेली असते.

इथं आपल्या घरांसाठी महत्त्वाची बाब येते. आपल्याकडे अनेक जण घरात दखनी किंवा उर्दू बोलतात, बाजारात आणि कामावर मराठी. मेंदूच्या एखाद्या जागी एक भाषा अडते आणि दुसरी चालू राहते, असं ऑपरेशनमध्ये दिसून आलेलं आहे. त्यामुळे रुग्ण कोणकोणत्या भाषा बोलतो, हे डॉक्टरांना आधीच सांगा. फॉर्मवर फक्त ‘मराठी’ किंवा फक्त ‘हिंदी’ लिहून मोकळे होऊ नका.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. मात्र पेसमेकर, शरीरातली क्लिप किंवा पट्टी असेल तर आधी सांगा. दागिने, हिजाबच्या पिना, धातूच्या डबीतला तावीज बाहेर काढून ठेवा. मशीनचा आवाज मोठा असतो, तरी डोकं हलवू नका. हललं की नकाशा बिघडतो.

डॉक्टरांना तीन प्रश्न नक्की विचारा : गाठ कोणत्या जुडीजवळ आहे? ऑपरेशननंतर बोलण्यावर किंवा हातापायावर काय परिणाम होऊ शकतो? ही तपासणी सरकारी योजनेत बसते का? उत्तर नीट समजलं नाही तर पुन्हा विचारा. सही करण्याआधी हे समजून घेणं तुमचा हक्क आहे.