सातवीनंतर धर्म कुठे जातो?

महाराष्ट्राच्या सहावीच्या इतिहासात पाचवा पाठ आहे, ‘प्राचीन भारतातील धार्मिक प्रवाह’. जैन, बौद्ध, लोकायत, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, पारशी, सगळ्यांची सोय मोजक्या पानांत. सातवीत ‘धार्मिक समन्वय’ येतो. त्यात महानुभाव, सुफी, शीख भेटून जातात. पुढे नववीला स्वातंत्र्योत्तर भारत आणि दहावीला उपयोजित इतिहास. म्हणजे मुलांना खरे प्रश्न पडू लागतात, घरात वडिलांशी वाद घालण्याचं वय येतं, नेमक्या त्याच वेळी धर्म हा विषय फळ्यावरून पुसला जातो. मग तो मोबाइलवर शिकवला जातो, आणि तिथे जोड्या लावा हा प्रश्न नसतो.

असं का झालं, याचा सरकारी इतिहास कंटाळवाणा आहे. उरकून टाकलेला बरा. 1854 च्या वुडच्या खलित्याने सरकारी शाळा धर्मनिरपेक्ष ठेवल्या. 1882 च्या हंटर आयोगाने नीतिपाठाचं क्रमिक पुस्तक सुचवलं, सरकारने ते बाजूला ठेवलं. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोग, श्रीप्रकाश समिती, कोठारी आयोग, 1999 ची शंकरराव चव्हाण समिती, अशी अहवालांची चळत लागली. प्रत्येकाने नीती हवी म्हटलं आणि धर्माजवळ येताच आवाज खाली आणला.

या चळतीपेक्षा एक दिवस मोलाचा आहे: 7 डिसेंबर 1948. घटना समितीत आजच्या अठ्ठाविसाव्या कलमावर चर्चा चालू होती. संपूर्ण सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण नको, हा मुद्दा. पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारलं, संस्कृत महाविद्यालयात वेद, स्मृती, गीता शिकवतात, त्याचं काय? डॉ. आंबेडकरांचं उत्तर असं होतं की, धर्माची दीक्षावजा शिकवण वेगळी, अभ्यास आणि संशोधन वेगळं. यावर श्रद्धा ठेव, असं सांगणं ही शिकवण. लोक काय मानतात आणि का मानतात हे पाहणं हा अभ्यास. पहिल्याला बंदी, दुसऱ्याला वाट मोकळी. सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्यात हाच फरक मान्य केला. दार उघडं असताना महाराष्ट्राच्या माध्यमिक शाळांनी त्याला आतून कडी घातली.

यावर दोन पक्ष हमखास उभे राहतात. पहिला म्हणतो, मूल्यशिक्षण आहे की! श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा अशा दहा मूल्यांत सर्वधर्मसहिष्णुताही आहे. आहे खरी, परिपाठाच्या फलकावर. पण शेजाऱ्याचा रोजा कशासाठी, हे माहीत नसताना सहिष्णू कशाबद्दल व्हायचं? दुसऱ्या पक्षाला पाठांतर हवं. 2024 साली राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात गीतेच्या आणि मनाच्या श्लोकांच्या पाठांतराचा विषय निघाला तेव्हा दोन्ही पक्ष वर्तमानपत्रांत भिडले. अभ्यासाबद्दल मात्र कुणीच बोललं नाही.

आता खान्देशाकडे वळायला हवं, कारण या बाबतीत खान्देशाइतकं तयार पाठ्यपुस्तक क्वचितच कुठे असेल.

अमळनेरला 1916 साली प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. तिथे शिकायला आलेले पांडुरंग सदाशिव साने 1924 ते 1930 प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक राहिले, वसतिगृह सांभाळलं, मुलांसाठी नियतकालिक चालवलं. ‘श्यामची आई’तून डोळे ओले करणारे गुरुजी सगळ्यांना ठाऊक, पण ‘इस्लामी संस्कृती’ लिहिणारे साने गुरुजी किती शिक्षकांनी चाळलेत? पैगंबरांचं चरित्र मराठी वाचकाला आपलेपणाने सांगणारा माणूस खान्देशातला माध्यमिक शिक्षक होता, ही गोष्ट कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात सांगितली जात नाही. 1932 साली धुळे तुरुंगात 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवार, विनोबांनी गीतेचे अठरा अध्याय सांगितले आणि गुरुजींनी ते लिहून घेतले. त्याच विनोबांनी पुढे कुराणाचं सार काढलं, ख्रिस्तधर्माचं काढलं, धम्मपदाची नवी मांडणी केली. एका माणसाने श्रद्धा न सोडता चार घरचे ग्रंथ कसे वाचावेत, याचा याहून चांगला नमुना नववीच्या वर्गाला कोणता द्यायचा?

आणि पुस्तकं नसली तरी शिवार आहे. जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडहून मुक्ताईनगर जवळ. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं दगडी मंदिर उभं आहे. योगबळाचा डौल मिरवणाऱ्या चांगदेवाचं कोरं पत्र, त्याला ज्ञानदेवांच्या पासष्ट ओव्यांचं उत्तर आणि शेवटी कोवळ्या मुक्ताईला गुरू करणं, यात ज्ञान, वय, बाईपण, अहंकार सगळं आलं. दुसऱ्या बाजूला जामनेर-पहूरवरून अजिंठा. शाळांच्या सहली जातात, रंग कसले वापरले ते सांगितलं जातं, जातककथा राहून जातात. फैजपूरला सतपंथाची गादी आहे. इस्लामी मुळाच्या इमामशाही परंपरेतून आलेला हा पंथ हिंदू घरांत रुजला. ‘हे हिंदू का मुसलमान?’ असा प्रश्न दहावीतल्या मुलांना विचारून पाहावा. उत्तर शोधताना त्या दोन शब्दांचेच कंगोरे दिसू लागतात.

प्रस्तुत लेखकाने बोदवड परिसरातल्या एका शाळेत हा उद्योग बरीच वर्षं केला. गृहपाठ साधा असे: घरी आजीला विचारून या, नवस कुणाकुणाला बोलता? वह्यांमध्ये मुक्ताई येई, खंडोबा येई, श्रावणातली कानबाई रोटांसकट येई, आणि तिच्याखालीच गावातला पीर. एका मुलीने लिहिलं होतं, आजी म्हणते देव बदलला तर चालतो, नारळ बदलत नाही. त्या वाक्यावर दोन तास गेले. तिसऱ्या दिवशी वरून निरोप आला, सर, पोर्शन राहिलाय. पुढे सहलींना मंजुरीचे कागद वाढले, शिक्षकांमागे ऑनलाइन माहिती भरायचं काम लागलं, आणि आता मशिदीच्या किंवा विहाराच्या दारात वर्ग न्यायचा तर आधी पालकांचे फोन येतात. पूर्वी कुणी विचारत नसे. मुलं चपला काढून रांगेत उभी राहत, एवढंच.

देशाबाहेर पाहिलं तर इंग्लंडने 1944 च्या कायद्याने धर्म हा विषय सक्तीचा केला, तोही आधी ख्रिस्ती वळणाचाच. 1975 च्या बर्मिंगहॅमच्या अभ्यासक्रमाने त्यात इतर धर्म आणि धर्म न मानणारे विचारही आणले. गिरण्यांच्या गावांत पंजाब-गुजरातहून आलेल्यांची मुलं बाकांवर शेजारी बसू लागली होती. शिक्षकांना माहिती लागणारच होती. आपल्याकडे ती मुलं कायमच शेजारी बसत आली, म्हणून माहितीची निकड कुणाला वाटली नाही. फुल्यांनी मात्र ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात एकाच घरात नवरा, बायको, मुलं वेगवेगळे धर्मग्रंथ वाचून सुखाने नांदतील असं चित्र 1891 पूर्वीच रंगवलं होतं.

जळगावात कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो, 1872 पासून. भिलपुऱ्यात तो थांबतो, लालशहा बाबांच्या समाधीवर फुलांची चादर चढते आणि मग पुढे सरकतो. माध्यमिक शाळेला यापेक्षा सोपा पाठ मिळणार नाही: हा थांबा कुणी ठरवला, का टिकला, दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. पण एकादशी बहुधा दिवाळीच्या सुट्टीत येते. बोदवडहून भुसावळमार्गे गाडीने गेलेली मुलं त्या गर्दीत असतात, बापाच्या खांद्यावर, फुगे धरून. सुट्टीनंतर शाळा उघडली की पहिल्या तासाला राहिलेला गृहपाठ तपासला जातो.