निचक्षू : भविष्यकाळातील राजा

पुराणांतील वंशावळींत असे कितीतरी राजे आहेत, की ज्यांच्या वाट्याला एका वाक्यापलीकडे काही आलेले नाही. पौरव वंशातील निचक्षू हा त्यांपैकीच एक. अभिमन्यूचा पुत्र परीक्षित, त्याचा जनमेजय, त्याचा शतानीक. त्याच शाखेत पुढे अधिसीमकृष्ण, आणि अधिसीमकृष्णाचा पुत्र निचक्षू. त्याचे नावही धड एक नाही. मत्स्यपुराणात तो विवक्षू आहे, भागवतात नेमिचक्र. गोष्ट मात्र एकच सांगितली जाते : गंगेने हस्तिनापूर नेल्यावर त्याने कौशाम्बीस वास्तव्य केले.

मुळात 'केले' नाही, 'करील' आहे. आणि सारे मर्म येथेच आहे. मत्स्य व वायू या पुराणांत अधिसीमकृष्ण हा कथनाच्या वेळी राज्य करीत असलेला राजा होय. त्यामुळे त्याच्या पुत्रापासून पुढचे सर्व राजे 'होणार' आहेत. घडून गेलेले भाकितरूपाने सांगण्याची ही पुराणकारांची युक्ती, हे उघड आहे. परंतु तिचा परिणाम निव्वळ वाङ्मयीन आहे. श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे हस्तिनापूर अजून उभे असते, आणि ते जाणार असे त्यांना सांगितले जाते. मराठीत 'वाहून गेले' असे लिहिणारा अनुवादक इतिहास सुबोध करतो. कथनातील भय मात्र घालवून बसतो.

टोल्कीन या इंग्रज लेखकाच्या कल्पित राजवंशातही असाच एक तारोन्दोर आहे. ओस साथीने ओस पडलेली ओस्गिलिअथ नगरी सोडून तो राजगृह मिनास आनोरला नेतो. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या परिशिष्टातील ती नोंद भूतकाळी आहे, आणि म्हणूनच ती नोंदच राहते.

दिल्लीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, मेरठ जिल्ह्यातील हस्तिनापूर येथे १९५०-५२ मध्ये बी. बी. लाल यांनी उत्खनन केले. राखाडी चित्रित भांड्यांच्या वस्तीवर त्यांना मोठ्या पुराच्या खुणा आढळल्या, आणि त्यांनी त्यांचा संबंध या पुराणवाक्याशी जोडला. तो सर्वांनी मान्य केलेला नाही. गाळावरून पूर सिद्ध होतो, राजा नव्हे.

साहित्याच्या दृष्टीने निचक्षूचे महत्त्व निराळे आहे. भासाच्या 'स्वप्नवासवदत्ता'चा नायक वत्सराज उदयन कौशाम्बीचा, आणि पुराणे त्याला याच वंशावळीत बसवितात. हस्तिनापूर सोडणारा हा राजा यादीतून गळला, तर वीणा वाजविणारा तो उदयन अर्जुनाचा वंशज उरत नाही.