खात्री किती, तसं क्रियापद

गेल्या आठवड्यात आपण 'विल' आणि 'गोइंग टू' यांतला फरक पाहिला. घटना घडणारच, हे तिथे गृहीत होतं. पण उद्याबद्दल इतक्या ठामपणे आपण क्वचितच बोलतो. ही कमीजास्त खात्री इंग्रजीत मुख्यतः सहायक क्रियापदातून कळते.

निकालाचं उदाहरण घेऊ. 'शी विल पास' म्हणजे ती पास होणारच. 'शी शुड पास' म्हणजे तिची तयारी पाहता पास व्हायला हरकत नाही. अंदाजामागे काही आधार आहे. 'शी मे पास' किंवा 'शी माइट पास' म्हणजे होईलही, कदाचित नाहीही. 'माइट' थोडं अधिक साशंक मानतात, पण रोजच्या बोलण्यात हा फरक फारसा उरलेला नाही. 'शुड' मात्र जपून वापरावं. ते सहसा हव्याशा गोष्टीलाच शोभतं. 'शी शुड फेल' म्हटलं, तर ती नापास व्हायलाच हवी, असं ऐकू येतं. नकोशा गोष्टीसाठी 'लाइकली' घ्या: 'द ट्रेन इज लाइकली टू बी लेट'.

मराठी माणूस हमखास अडतो तो 'कॅन'पाशी. 'उद्या पाऊस पडू शकतो' हे मनात धरून आपण 'इट कॅन रेन टुमॉरो' म्हणतो. ते चुकतं. 'कॅन' नेहमीचा स्वभाव सांगतं: कोकणात जूनच्या आधीही पाऊस पडू शकतो, तिथे 'कॅन' चालेल. उद्याच्या पावसाला 'मे', 'माइट' किंवा 'कुड' हवं. नकारात मात्र 'कुड'ही सोडा. 'ही माइट नॉट कम' म्हणजे तो कदाचित येणार नाही. 'ही कुड नॉट कम' म्हणजे त्याला येणं जमलं नाही.

आता 'प्रॉबेब्ली'ची जागा. होकारात ते 'विल'च्या नंतर येतं: 'शी विल प्रॉबेब्ली पास'. नकारात 'वोन्ट'च्या आधी: 'शी प्रॉबेब्ली वोन्ट पास'. 'मेबी' वाक्याच्या सुरुवातीला शोभतं.

हे शब्द नेमके वापरले, तरी ऐकणारा तितकंच समजेल असं नाही. 1951 साली सोव्हिएत गट युगोस्लाव्हियावर हल्ला करील का, याचा अंदाज अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी मांडला. अहवालात शब्द होते 'सीरियस पॉसिबिलिटी'. त्या विश्लेषकांपैकी एक असलेल्या शर्मन केंट यांच्या मनात त्याचा अर्थ होता हल्ल्याच्या बाजूने 65, विरुद्ध 35. त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, तेव्हा कुणी 20 सांगितलं, कुणी 80. या शब्दांवर सगळ्यांनी मिळून शिक्कामोर्तब केलं होतं! हवामानबदलावरच्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने पुढे अशा संदिग्धतेवर उपाय केला. तिच्या अहवालांत 'लाइकली' म्हणजे किमान 66 टक्के आणि 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान 90 टक्के, असं ठरलेलं आहे.

म्हणून इंग्रजीत पत्र किंवा अहवाल लिहिताना आधी स्वतःला विचारा: माझी खात्री किती, आणि ती कशावर उभी आहे? उत्तर मिळालं की क्रियापद निवडा. निर्णय मोठा असेल, तर शब्दाशेजारी आकडाही द्या. वाचणाऱ्याला आपल्या भरवशावर पाऊल टाकायचं असतं.

या आठवड्याचा सराव: 'पार्सल उद्या बहुधा येणार नाही' हे वाक्य दोन प्रकारे इंग्रजीत करा. पुढच्या भागात 'जर-तर'ची वाक्यं पाहू.