वादळाने आणलेला पाहुणा

आज ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. अदोम्नान. सातव्या शतकातले ख्रिस्ती मठाधिपती आणि संत. जेरुसलेमविषयी वाचताना त्यांची माझी गाठ पडली. मी मुसलमान, अल-अक्सा हे नाव लहानपणापासून कानांवर पडलेले. पण त्या जागेवरच्या पहिल्या मशिदीचे अगदी जुने वर्णन एका आयरिश साधूने लिहून ठेवले आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयोना नावाचे बेट आहे. जेमतेम साडेपाच किलोमीटर लांब. आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबा यांनी 563 मध्ये तिथे मठ स्थापला. त्यांच्याच कुळातले अदोम्नान 679 मध्ये या मठाचे नववे प्रमुख झाले आणि 704 मध्ये देह ठेवीपर्यंत त्या पदावर राहिले. कोलंबांचे लॅटिन चरित्र त्यांनीच लिहिले.

एकदा वादळात भरकटलेले जहाज ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याला लागले. जहाजावर आर्कुल्फ नावाचे बिशप होते. गॉलचे, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे. पवित्र स्थळांची यात्रा करून ते परतत होते. जेरुसलेममध्येच नऊ महिने राहिले होते. अदोम्नान यांनी त्यांना बसवून घेतले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. पाहुणा सांगतो, यजमान मेणाच्या पाट्यांवर टिपून घेतो. मग तोच मजकूर चामड्याच्या पानांवर उतरला. आर्कुल्फ यांनी चर्चचे आराखडेही मेणावर काढून दाखवले.

या ग्रंथात अदोम्नान लिहितात की, जेरुसलेममध्ये जिथे पूर्वी मंदिर होते, तिथल्या भग्नावशेषांवर सारासेन लोकांनी फळ्या आणि मोठ्या तुळया वापरून चौकोनी प्रार्थनागृह बांधले आहे. त्यात तीन हजार माणसे मावतात असे म्हणतात. सारासेन म्हणजे अरब मुसलमान. बांधकाम ओबडधोबड आहे, असेही ते सांगतात. तिथला सोनेरी घुमट, कुब्बतुस्सखरा, 691-92 मध्ये पूर्ण झाला. हे वर्णन त्याच्या आधीचे. मुआवियांचे नावही ग्रंथात येते, तेही एका वादाचा निवाडा करणारा राजा म्हणून. परधर्मीयांच्या प्रार्थनागृहाचे कौतुक अदोम्नान करीत नाहीत, पण ते वगळतही नाहीत. ऐकले ते लिहिले. मला हे मोलाचे वाटते.

ते नुसते लिहीत बसणारे नव्हते. 684 मध्ये इंग्लंडच्या नॉर्दम्ब्रिया राज्याच्या सैन्याने आयर्लंडवर धाड घालून माणसे पकडून नेली. पुढच्याच वर्षी तो राजा लढाईत पडला आणि आल्डफ्रिथ गादीवर आला. आल्डफ्रिथ आयर्लंडमध्ये राहिलेला, अदोम्नान यांचा स्नेही. अदोम्नान त्याच्याकडे गेले आणि साठ बंदिवान सोडवून घरी घेऊन आले.

त्यांचे सर्वांत मोठे काम 697 चे. आयर्लंडमधल्या बिर या गावी सभा भरली. स्त्रिया, मुले आणि धर्मसेवक यांना युद्धात मारू नये, असा कायदा तिथे मान्य झाला. राजे आणि धर्मगुरू मिळून 91 जण त्याला जामीन राहिले. जामीन हा शब्द महत्त्वाचा. नुसता उपदेश विरून जातो; इथे प्रत्येकाने आपले नाव अडकवले होते. शिक्षा त्या काळाला साजेशा कठोर होत्या. स्त्रीला मारणाऱ्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडून मग त्याला ठार करायचे आणि नातेवाइकांनी दंड भरायचा. दंडाचा वाटा आयोनाच्या मठालाही मिळे, हेही सांगायला हवे.

पुढच्या काळातली एक दंतकथा आहे. अदोम्नान आईला पाठीवर घेऊन रणांगणातून चालले होते. तिथे मेलेल्या बायका पाहून आई म्हणाली, यांना तू सोडवल्याशिवाय मी तुझ्या पाठीवरून उतरणार नाही. कथा खरी नसेल, पण लोकांनी या कायद्याचे मूळ एका आईच्या हट्टात शोधले. आमच्या परंपरेत पहिले खलिफा हजरत अबू बक्र यांनीही सैन्याला बजावल्याचे सांगतात की, बायका, मुले, म्हातारे यांना मारू नका. ते 632 च्या सुमाराचे. दोन्हीकडची माणसे एकमेकांना ओळखत नव्हती.

सगळेच त्यांच्या मनासारखे झाले नाही. ईस्टरची तारीख रोमच्या गणनेने धरावी, हे त्यांना पटले होते. पण त्यांच्याच मठातल्या साधूंनी ऐकले नाही. आयोनाने ती गणना स्वीकारली 716 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी.

युद्धातल्या नागरिकांच्या संरक्षणासाठी जिनिव्हा करार झाला तो 1949 मध्ये, म्हणजे बिरच्या सभेनंतर 1252 वर्षांनी. तरी युद्धाच्या बातम्यांत मेलेल्या मुलांचा आकडा रोज ऐकावा लागतो. अशा वेळी मला ते 91 जामीनदार आठवतात. आज कोण कोण जामीन राहायला तयार आहे, एवढेच मग विचारावेसे वाटते.